डोमेनला लावलेली किंमत मागे घेता येते का? विकणाऱ्याची बंधनं, भाव आणि कमिशन

प्रश्न सोलापूरहून आला आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे २२ डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, आहेत, १४ डॉट कॉम आणि ८ डॉट इन. चार वर्षं नुसतं रिन्यूअल भरतोय. आता दोन-तीन मार्केटप्लेसवर लावायची आहेत. किंमत कशी ठरवू? कमिशन किती जातं? नाव विकलं गेल्यावर माझ्यावर काय बंधनं येतात? भाव नंतर कमी वाटला तर नाही म्हणता येतं का? त्यातलं एक नाव एका मोठ्या कंपनीच्या नावापुढे 'पुणे' जोडून घेतलेलं आहे, त्याला चांगला भाव येईल ना? आणि ओळखीतून गिऱ्हाईक मिळालं तर परस्पर विकलं तर चालेल का?"

भाव कमी वाटला तर काय, इथून सुरुवात करतो. बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत. नाही म्हणता येत नाही. साडीच्या दुकानात चिठ्ठीवरचा भाव बघून घासाघीस होते, आणि दुकानदारही 'अहो, ती चिठ्ठी जुनी आहे' म्हणून मोकळा होतो. डोमेनच्या बाजारात तसं होत नाही. तुम्ही 'बाय नाऊ' किंमत टाकलीत आणि कोणी बटण दाबून पैसे भरले, की सौदा पक्का झाला. खातं उघडताना ज्या अटींवर आपण न वाचता खूण करतो, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. सेडोसारख्या मार्केटप्लेसवर तर बोलणी चालू असताना तुम्ही पाठवलेली प्रति-ऑफरसुद्धा मुदत संपेपर्यंत तुम्हाला बांधून ठेवते. समोरच्याने 'मान्य' म्हटलं की झालं. 'जरा अंदाज घेऊ या' म्हणून आकडा टाकायची ही जागा नाही.

हे मी स्वतः महाग पडून शिकलो. एक दोन शब्दांचं डॉट कॉम माझ्याकडे होतं. सुरुवातीला एका मार्केटप्लेसवर ते १,२०० डॉलरला लावलं. दोन वर्षांनी त्या क्षेत्रात हालचाल दिसली म्हणून दुसऱ्या ठिकाणी ३,५०० केलं आणि पहिल्या ठिकाणची जुनी लिस्टिंग तशीच राहिली. एका रविवारी रात्री अकराच्या सुमारास मेल आला: 'अभिनंदन, तुमचं डोमेन विकलं गेलं'. आकडा १,२००. विक्री भागीदार रजिस्ट्रारच्या (नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्यांच्या) जाळ्यातून झाली होती, म्हणून २० टक्के कमिशन. २४० गेले, ९६० राहिले. त्या रात्री मी सबबींचा बराच विचार केला. नाव बँकेच्या व्यवहारात अडकलंय, भागीदाराचा हक्क आहे, अशा. सकाळी शांतपणे नाव द्यायचं ठरवलं. पलीकडे कोणीतरी पैसे भरून बसलं होतं, कदाचित पाटी रंगवायला टाकली होती. भाव मीच लावला होता.

त्याच विक्रीत दुसरी चूक झाली, आणि ती तुमच्याकडूनही होईल म्हणून नीट सांगतो. नाव ट्रान्सफर करायला रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये गेलो. नाव बाहेर जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप काढलं, ऑथ कोड (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा पासवर्ड) मागवला. कोड ज्या ईमेलवर जाणार होता तो पत्ता जुना, एका बंद पडलेल्या सेवेचा. मी काय केलं, तर लगेच मालकाच्या तपशिलात जाऊन ईमेल बदलला. त्या पानावर खाली बारीक अक्षरात एक चौकोन होता: बदलानंतरचं ६० दिवसांचं ट्रान्सफर कुलूप नको असेल तर इथे खूण करा. माझी नजर त्यावर गेलीच नाही. 'सेव्ह' दाबलं आणि नाव ६० दिवसांसाठी बंद. आयकॅन या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या ट्रान्सफर धोरणात मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल यातलं काहीही बदललं तरी तो मालकीतला बदल धरला जातो. शेवटी घेणाऱ्याने माझ्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडलं आणि मी नाव आतल्या आत त्याच्या खात्यात सरकवलं. ज्याला आपण 'पुश' म्हणतो ते. हे कुलूप एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे जायला अडवतं, आतल्या आत सहसा अडवत नाही. पण अकरा दिवस गेले, आणि त्या अकरा दिवसांत घेणाऱ्याचे सात मेल आले. प्रत्येक मेलमध्ये शब्द वेगळे, प्रश्न एकच: मी फसलो तर नाही ना?

म्हणून नावं लावायच्या आधी आज रात्रीच २२ नावांचे मालकाचे तपशील उघडून बघा. ईमेल चालू आहे का, नाव तुमच्या पॅनवरच्या नावाशी जुळतं का. बदल करायचा असेल तर आत्ता करा, कुलूप लागलंच तर विक्रीआधी सुटेल. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच ट्रान्सफर झालेलं नावही पहिले ६० दिवस बाहेर हलत नाही. तशी नावं लिस्टिंगमध्ये टाकूच नका, किंवा टाकलीत तर तसं लिहा.

आता किंमत. ती लावायच्या तीन-चार पद्धती असतात, आणि त्यातल्या एकीकडे लोक फार निष्काळजीपणे बघतात. बाय नाऊ तुम्हाला कळली. 'मिनिमम ऑफर' म्हणजे त्याखालचं बोलणंच तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणून लावलेली चाळणी. त्यात तुम्ही काही कबूल करत नाही. 'फ्लोअर प्राइस' मात्र फसवी. आफ्टरनिकसारख्या मार्केटप्लेसवर ही किंमत घेणाऱ्याला दिसत नाही, पण त्यांच्या विक्री प्रतिनिधीला दिसते. त्याचा अर्थ 'इतक्याला दिलं तरी माझी हरकत नाही' असा होतो. फोनवर गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो तुम्हाला न विचारता फ्लोअरपर्यंत उतरू शकतो. बाय नाऊ ४,००० आणि फ्लोअर ८०० असं ठेवणारे मी पाहिलेत. नाव ८५० ला गेल्यावर ते प्रतिनिधीला दोष देतात. त्याने त्याचं काम केलं. फ्लोअर हीच आपली खरी किंमत समजून ती लावायची.

आकडा कुठून आणायचा? आधी खर्च मांडा. डॉट कॉमचा घाऊक दर, डॉट कॉम चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर केला, त्यावर आयकॅनची किरकोळ फी, रजिस्ट्रारचा नफा आणि कर. एका नावाला वर्षाला हजार रुपये धरले तर तुमचे २२ हजार जातात. माझ्या अनुभवात बऱ्या दर्जाच्या शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली गेली तर धंदा ठीक चाललाय म्हणायचं. २२ नावांत म्हणजे दोन ते चार वर्षांत एक विक्री. तीन वर्षं धरू. तोवर ६६ हजार भरून झालेले असतात. आता एक नाव ५०० डॉलरला गेलं, १५ टक्के कमिशन वजा जाता ४२५ राहिले, डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण ३६ हजार. म्हणजे विक्री होऊनही तुम्ही ३० हजारांनी मागे. बरोबरीत यायला तुम्हाला १५ टक्के कमिशनवर ९०० डॉलरच्या वर आणि २५ टक्क्यांवर हजाराच्या वर विक्री हवी. हे गणित मी नवीन माणसाला कागदावर करायला लावतो, कारण ते झालं की दोन गोष्टी आपोआप घडतात: निम्मी नावं रिन्यू न करता सोडून दिली जातात, आणि उरलेल्यांना नीट भाव लागतो.

भाव ठरवताना झालेल्या विक्रींच्या याद्या बघा, पण त्यातली बातमीत आलेली मोठी नावं बाजूला ठेवा. २०१० साली सेडोमार्फत सेक्स डॉट कॉम १.३ कोटी डॉलरला गेलं, २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला. ती इंग्रजीतली एका शब्दाची नावं. तुमच्या 'बेस्टसोलापूरचादर' प्रकारच्या नावाचं गिऱ्हाईक अमेरिकेत नाही. ते तुमच्याच गावात, चाटी गल्लीत किंवा एमआयडीसीत असेल, आणि त्याला १५ हजार रुपयेही पुष्कळ वाटतील. डॉट इनचंही तसंच. बहुतेक गिऱ्हाईक देशी, म्हणून भाव डॉलरमध्ये लावतानाही रुपयांत विचार करा.

आणि सगळीकडे एकच भाव. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची शिस्त. आफ्टरनिक आणि सेडो दोघांचीही भागीदार रजिस्ट्रारची जाळी आहेत. म्हणजे कोणी एखाद्या रजिस्ट्रारच्या साइटवर नाव शोधलं तर तुमचं नाव तुमच्या भावासकट तिथेच विकायला दिसतं. दोन जाळ्यांत दोन भाव असले तर शोधणाऱ्याला कमी भाव सापडतोच. एक साधी स्प्रेडशीट ठेवा: नाव, कुठे कुठे लावलंय, भाव, फ्लोअर, रिन्यूअलची तारीख. भाव बदलायचा तर त्याच बैठकीत सगळीकडे बदला. भाव वाढवताना आधी जिथे बटणावर लगेच विक्री होते तिथे वाढवा, मग बाकीकडे.

कमिशनबद्दल लोक फक्त टक्का विचारतात. कमिशन विकणाऱ्याच्या रकमेतून जातं, आणि टक्का बहुधा तीन गोष्टींवर ठरतो: गिऱ्हाईक कोणी आणलं, विक्री त्यांच्याच पानावर झाली की जाळ्यातून, आणि तुमच्या नावाचे नेमसर्व्हर (नाव टाकल्यावर कुठे जायचं ते सांगणारी सेटिंग) त्यांच्याकडे वळवलेले आहेत का. आफ्टरनिकचं उदाहरण घ्या. नेमसर्व्हर त्यांचे लावले तर १५ टक्के, नाही लावले तर २५. दोन हजारांच्या विक्रीत हातात १,७०० येतात की १,५०० हे नेमसर्व्हरच्या त्या दोन ओळींवर अवलंबून. बहुतेक ठिकाणी कमीत कमी फीही असते, त्यामुळे ५०-६० डॉलरला नाव विकायला गेलात तर टक्क्याचा हिशेब चालतच नाही. टक्के बदलत राहतात, म्हणून लावायच्या दिवशी त्यांचं फीचं पान उघडून वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

नेमसर्व्हर वळवताना एक सावधगिरी. २२ पैकी एखाद्या नावावर तुमचा ईमेल चालू असेल, घरच्या धंद्याचा किंवा बायकोच्या क्लासचा, तर नेमसर्व्हर बदलल्यावर तो बंद पडतो. आलेले मेल वाटेतच परत जातात आणि चार दिवस कळतही नाही. अशा नावाला २५ टक्के द्या किंवा विकायलाच लावू नका.

जाळ्यातल्या जलद ट्रान्सफरसाठी तुम्हाला आधीच संमती द्यावी लागते. ती दिली की विक्री झाल्यावर नाव तुम्हाला न विचारता आपोआप घेणाऱ्याकडे जातं. अशी नावं जास्त विकली जातात, हे खरं. पण ती संमती म्हणजे कोऱ्या चेकवर सही केल्यासारखी आहे. ज्या नावांच्या भावाबद्दल मनात किंतु नाही, त्यांनाच ती द्या. बाकीच्यांना फक्त 'ऑफर द्या' ठेवा, थोडी विक्री कमी झाली तरी चालेल.

विकणारा म्हणून तुम्ही आणखी काय कबूल करता? नाव खरंच तुमचं आहे. ते कुठे गहाण, भाड्याने किंवा वादात नाही. पैसे जमा झाल्याचं कळल्यावर ठरलेल्या मुदतीत तुम्ही ते हलवाल. विक्री पूर्ण होईपर्यंत त्याची मुदत संपू देणार नाही. नव्या प्रकारच्या काही एक्स्टेन्शनमध्ये (नावातल्या शेवटच्या डॉटनंतरचा भाग) चांगल्या नावांचं रिन्यूअल दरवर्षी शेकडो डॉलर असतं, आणि ते घेणाऱ्याला माहीत नसतं. तसं असेल तर लिस्टिंगमध्येच लिहा, नाहीतर वर्षभराने तो तुम्हाला शोधत येईल आणि त्याचं म्हणणं रास्त असेल. स्वतःच्या लिलावात स्वतः किंवा भावाच्या खात्यावरून बोली लावू नका. हे सगळीकडे नियमाविरुद्ध आहे, पकडलं गेलं की खातं जातं, आणि खात्याबरोबर तुमची बाकीची लिस्टिंगही.

हप्त्यांवर विकायची सोय आता बऱ्याच ठिकाणी असते. घेणारा दरमहा भरतो, नाव वापरतो, पण शेवटचा हप्ता येईपर्यंत मालकी त्याच्याकडे जात नाही. नाव मार्केटप्लेसच्या ताब्यात राहतं. त्याने मध्येच सोडलं तर नाव परत तुमच्याकडे, आलेले हप्ते तुमचे. ऐकायला छान वाटतं. माझा एकच आक्षेप: त्या काळात त्याने नावावरून स्पॅम पाठवले तर नाव काळ्या यादीत जाऊन परत येतं. मी हप्ते फक्त जरा मोठ्या रकमेच्या नावांना देतो.

आता ते 'पुणे' जोडलेलं नाव. त्याला भाव येणार नाही, ताप येईल. डॉट कॉमसाठी आयकॅनचं १९९९ पासूनचं वाद निवारण धोरण आहे, यूडीआरपी. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर योग्य हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं. वाईट हेतूचा पहिलाच नमुना त्या धोरणात असा दिलाय: ट्रेडमार्कच्या मालकाला झालेल्या खर्चापेक्षा जास्त पैशांना विकण्यासाठीच प्रामुख्याने नाव घेणं. म्हणजे मार्केटप्लेसवर तुम्ही लावलेला भावच तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. कंपनीला वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचाच्या सुनावणीसाठी १,५०० डॉलर भरावे लागतात, ते ती आनंदाने भरते. निकाल तिच्या बाजूने गेला की नाव फुकट जातं.

डॉट इनचा कारभार बघणाऱ्या निक्सी या संस्थेचं आयएनडीआरपी हे तसंच धोरण डॉट इनला लागू होतं, आणि ते एका शब्दाने जास्त कडक आहे. तिथे वाईट हेतूने नोंदवलं 'किंवा' वापरलं, यातलं एक पुरतं. तुमची ८ डॉट इन नावं या दृष्टीने एकदा चाळून घ्या. आपल्याकडच्या न्यायालयांनीही हा प्रश्न फार लवकर हाताळला. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफने एका अक्षराच्या फरकाच्या 'रॅडिफ डॉट कॉम'विरुद्ध मनाई हुकूम मिळवला. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे मान्य केलं. शब्दकोशातला साधा शब्द, गावाचं नाव, पदार्थाचं नाव यांत तुम्ही मोकळे आहात, जोवर ते कोणाच्या ब्रँडकडे बोट दाखवून विकत नाही. ते 'पुणे'वालं नाव लिस्टिंगमध्ये टाकू नका, कंपनीला 'घेता का' म्हणून मेलही करू नका. त्याचं ऑटो-रिन्यू बंद करा आणि मुदत संपली की जाऊ द्या.

पैशांबद्दल थोडक्यात. अमेरिकी मार्केटप्लेस पहिल्या पेआउटआधी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतात. त्यात तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे सांगायचं असतं. नाव बँक खात्यावरच्या नावासारखंच लिहा, एक अक्षर इकडे-तिकडे झालं तरी पैसे अडकतात. रक्कम आली की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले तो कोड, विचारेल. विक्रीचं इनव्हॉइस आणि परकीय रक्कम आल्याचं पत्र दोन्ही जपून ठेवा. नफ्यावर आयकर आहेच. वारंवार विकत असाल तर तो धंदा धरला जाईल का, आणि जीएसटीचं काय, हे पहिल्याच विक्रीला सीएसोबत बसून ठरवा.

राहिला परस्पर विक्रीचा प्रश्न. गिऱ्हाईक कुठून आलं यावर उत्तर आहे. मार्केटप्लेसच्या पानावरून ज्याने चौकशी केली, त्याला बाजूला घेऊन 'कमिशन वाचवू' म्हणणं अटींचा भंग आहे. ती चौकशी त्यांनी आणली, त्यांचे पैसे त्यांना मिळायला हवेत. पण तुमच्या ओळखीतून, व्हॉट्सॲपवरून किंवा लग्नात भेटलेला माणूस असेल तर खुशाल परस्पर विका. त्यातही एस्क्रो वापरा, म्हणजे नाव हलेपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारी तिऱ्हाईत सेवा. घेणारा ज्या एस्क्रोची लिंक पाठवतो ती उघडू नका, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. 'आधी किमतीचं प्रमाणपत्र अमुक कंपनीकडून काढा, मग घेतो' असं म्हणणारा घेणारा नसतो, त्या प्रमाणपत्राची फी हाच त्याचा धंदा असतो.

आणि परस्पर सौदा ठरला तर सगळ्यात आधी नाव सगळीकडून उतरवा. जाळ्यातून ते लगेच जात नाही, भागीदार रजिस्ट्रारकडे जुना भाव काही काळ दिसत राहतो. दोन-तीन वेगवेगळ्या रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन स्वतः शोधून बघा. तिथे 'विकायला उपलब्ध' दिसायचं थांबलं की मगच ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्या.